आधी अध्यक्षांचा कॉम्प्रेसर

झरीच्या ग्रामप्रबोधन वाचनालयात कैलासवासी रंगनाथ गुरुजींची शोकसभा ठरल्या वेळेनंतर तासाभराने, म्हणजे वेळेवर, सुरू झाली आणि पहिल्याच वक्त्याच्या भाषणात असे निदर्शनास आले की माइकातून आवाज येत नाही. अगदीच येत नव्हता असे नाही. पहिल्या रांगेपर्यंत येत होता. आणि पहिल्या रांगेत मान्यवर बसत असल्यामुळे संस्थेच्या दृष्टीने तो पोचला होता.

गुरुजींची मुलगी माधवी स्टेजच्या पायरीपाशी बसली होती. बोलणाऱ्यांत तिचे नाव शेवटचे होते. तिला फार काही सांगायचे नव्हते, पण जे सांगायचे ते आईला ऐकू जायला हवे होते. सुलाबाईंना कमी ऐकू यायचे, आणि बायकांची सतरंजी रिवाजाप्रमाणे हॉलच्या पार टोकाला, दारापाशी चपलांच्या शेजारी अंथरलेली. घरून निघताना त्या एवढेच म्हणाल्या होत्या, "तू बोलशील ते मला ऐकू आलं पाह्यजे बग. बाकीच्यायचं न्हाई आलं तरी चालतंय."

माधवी उठून साउंड सांभाळणाऱ्या सुगतकडे गेली.

"सुगतदादा, आवाज मागं जात नाही."

"म्हाईत हाय ताई. माइक डायरेक्ट कॉम्प्रेसरात घातलाय. जाईल कसा?"

"मग काढा की तिथून."

सुगतने तिच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "ठराव हाय."

प्रकरण असे होते. मिक्सर, म्हणजे बटणांची ती आडवी पेटी, माजी अध्यक्ष बन्सीधरराव यांनी वाचनालयाला भेट दिली होती. कॉम्प्रेसर विद्यमान अध्यक्ष गोपाळराव यांनी दिला, आणि त्याला निमित्त खुद्द रंगनाथ गुरुजी. वार्षिक सभेत गुरुजींनी माइक हातात घेऊन "वाचनालयात पुस्तकं कधी येणार?" असे इतक्या मोठ्याने विचारले, की अध्यक्षांच्या बशीतला चहा सदऱ्यावर आला. वाढलेला आवाज आपोआप दाबून बेताचा करणारे यंत्र परभणीत मिळते, असे कळताच गोपाळरावांनी ते आणवले. पुस्तके आणायची राहिली.

आता माइकातून निघणारा आवाज जन्मतःच अशक्त असतो. मिक्सर त्याला बळ देतो, आणि बळ आल्यावर तो उसळला तर कॉम्प्रेसर त्याला आवरतो. यंत्रांचा क्रम असा आहे. माणसांचा वेगळा आहे. विद्यमान अध्यक्षांचे यंत्र माजी अध्यक्षांच्या यंत्रामागे उभे करणार कसे? तेव्हा आवाज प्रथम विद्यमानांकडे जाईल व नंतर माजींकडे, असा ठराव एकमताने झाला. त्या दिवसापासून वाचनालयात आवाजाला बळ येण्याआधीच शिस्त लागते.

"निदान मिक्सरवरनं तरी वाढवा," माधवी म्हणाली.

सुगतने वाढवला. कर्ण्यातून अशी शिट्टी निघाली की मान्यवरांनी दोन मिनिटे शांतता पाळली. कार्यक्रमपत्रिकेत ती नंतर होती. पण पाळली गेलीच आहे तर धरून घ्यावी, असे ठरले.

"आवाज येईना!" मागून कोणीतरी ओरडले.

सूत्रसंचालक हरिओम सर शांतपणे म्हणाले, "आवाजाबाबत तक्रार असल्यास ती कृपया माइकवर येऊन मांडावी."

तो गृहस्थ आला. त्याने माइकवर सविस्तर तक्रार मांडली. ती कोणालाच ऐकू आली नाही, त्यामुळे निकाली निघाली.

तरीही शंकेला जागा नको म्हणून तिथल्या तिथे तिघांची समिती नेमण्यात आली. समितीने पहिल्या रांगेत बसून एक पूर्ण भाषण ऐकले आणि आवाज समाधानकारक असल्याचे जाहीर केले.

"शेवटच्या रांगेत जाऊन बघा ना," माधवी हरिओम सरांना म्हणाली.

"तिथं खुर्च्या न्हाईत ताई. समितीला बसायला नको?"

मग ती सरळ स्टेजवर गेली. दोन्ही अध्यक्ष शेजारी शेजारी बसले होते. मधे गुरुजींचा फोटो होता, त्यामुळे त्यांना एकमेकांकडे बघावे लागत नव्हते.

"काका, माइक आधी मिक्सरात घालायचा. तिथून आवाज कॉम्प्रेसरकडं जातो आणि परत मिक्सरात येतो. एका वायरचं काम आहे."

गोपाळरावांनी विचार केला. "म्हंजे आमच्या मशीनीनं याच्या दारात उभं ऱ्हायाचं? हा दील तेवढं घ्यायाचं, आन् परत आणून ह्यालाच द्यायाचं?"

"कायदाच तसा हाय मशीनीचा," बन्सीधरराव खुशीत म्हणाले. "आमी काय केलं?"

"मग माझी मशीन काढा! इज्जतीचा सवाल हाय."

"ह्याची काढली आन् माझी ठिवली, तर लोक म्हणतील बन्सीधरनं मौतीच्या सभेत राजकारण केलं. माझीबी काढा."

मोठेपणात कोणीच मागे हटेना. अखेर दोघांच्याही त्यागाचा मान राखून दोन्ही यंत्रांच्या वायरी काढण्यात आल्या. माइक कशालाच जोडलेला नव्हता, पण तो जागेवर ठेवण्यात आला, कारण वक्त्याने हातात काय धरायचे, हा प्रश्न होता. त्यानंतर आवाजाबद्दल एकही तक्रार आली नाही. वक्ते येत होते, ओठ हलवत होते, डोळे पुसत होते. समितीने माना डोलावल्या. एकाने तर "अजून थोडं बोला" असा आग्रह केला.

माधवीचे नाव पुकारले गेले. तिने माइक हातात घेतला, "माझे बाबा" एवढे म्हणाली आणि दाराकडे पाहिले. सुलाबाई कानामागे हात धरून पुढे वाकल्या होत्या. शेजारणीला विचारत होत्या, "लागली का बोलायला?"

माधवीने माइक खाली ठेवला. पायऱ्या उतरून, खुर्च्यांच्या मधून, ती थेट सतरंजीवर आईसमोर जाऊन बसली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आई, बाबा रोज तुला पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे ना, तेव्हा अख्ख्या गल्लीनं पेपर घ्यायचं बंद केलं होतं! पेपरवाला भांडायला आला, तर त्यालाच बसवून अग्रलेख ऐकवला!"

"आन् च्या पाजला मी!" सुलाबाई म्हणाल्या. बायका खळखळून हसल्या. सुलाबाई हसता हसता थांबल्या आणि पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आता कोण वाचतंय."

"मी वाचीन. पण तू मधे मधे भाजीचं विचारायचं नाही."

ती बोलत राहिली. पहिली रांग मात्र स्टेजकडे तोंड करून तशीच बसली होती. खुर्च्या फिरवल्या असत्या तर पहिली रांग शेवटची झाली असती. हरिओम सरांनी थोडा वेळ वाट पाहिली, रिकाम्या जागेकडे सहानुभूतीने बघितले आणि बंद माइक उचलून म्हणाले, "भावना अनावर झाल्यामुळे ताई बोलू शकल्या नाहीत. त्यांचं दुःख आपण समजू शकतो."

हे मात्र सगळ्यांना ऐकू गेले. मागून माधवीचा आवाज येत होता, आणि हॉलभर माणसे हळहळून माना हलवत होती.

तुम्ही तिथे असता तर मागे वळून पाहिले असते. नक्की पाहिले असते. फक्त त्याआधी शेजारचा वळतो का, तेवढे बघितले असते. आणि तोही तेवढ्याचसाठी तुमच्याकडे बघत बसला असता.