आमूचा इंटरव्ह्यू आणि भिंतीवरचा मासा

बत्तीस वर्षं मी भिलाईच्या रेल मिलमध्ये वाकडे रूळ सरळ केले. तुम्ही रेल्वेनं कुठंही जा, तुमच्या बुडाखालून एखादा तरी रूळ माझ्या हातचा गेलेला असणार! मग ज्या माणसानं अख्ख्या देशाचे रूळ सरळ केले, त्याला स्वतःच्या पोरीचं करिअर सरळ करता येऊ नये? काहीतरीच!

हे मी कमलाला, म्हणजे आमच्या घरच्या खऱ्या जनरल मॅनेजरला, बोलून दाखवलं.

"रूळ लोखंडाचे राह्यतात," ती कणीक मळता मळता म्हणाली. "पोरगी तुमच्यावर गेली हाय. तिले हात लावू नका."

पण हात न लावून कसं चालेल? आमची आम्रपाली, घरात आमू, रायपूरला एमबीबीएस झाली आणि तिनं ठरवलं की पुढची रेसिडेन्सी अमेरिकेत करायची. रेसिडेन्सी म्हणजे तिथल्या हॉस्पिटलात तीन वर्षं राबून मोठा डॉक्टर होणं. बाहेरून शिकून आलेल्यांना ते लोक 'इंटरनॅशनल मेडिकल ग्रॅज्युएट' म्हणतात. ऐकायला कसं भारदस्त वाटतं! अर्थ एवढाच, की तुम्ही रांगेत मागं उभे राहा. पहिल्या वर्षी आमूनं नव्वद हॉस्पिटलांत अर्ज केले. नव्वद! इंटरव्ह्यूची बोलावणी आली शून्य. मार्चमध्ये निकाल लागला, तेव्हा ती दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाही. दाराबाहेर ठेवलेलं ताट तसंच परत यायचं. मला ते बघवेना.

म्हणजे शंभर टक्के रिजेक्शन! आमच्या मिलमध्ये असं झालं असतं तर मोठे साहेब हेल्मेट घालून स्वतः खाली उतरले असते. मी चंपतला फोन लावला. चंपत माझा मिलमधला जोडीदार. रिटायर होऊन खुर्सीपारला राहतो, पण अजून सकाळी सेफ्टी शूज घालून दूध आणायला जातो.

"प्रेमानंद," तो गंभीरपणे म्हणाला, "हे काम नवस-बिवसाचं नाही. ही केस क्वालिटी सर्कलची हाय!"

ज्यांनी प्लांटमध्ये नोकरी केली नाही त्यांच्यासाठी सांगतो. काही बिघडलं की पाच-सहा कामगारांनी एकत्र बसायचं, चहा-समोसा मागवायचा आणि बिघाडाचं मूळ कारण शोधायचं, याला क्वालिटी सर्कल म्हणतात. समोसे संपेपर्यंत कारण सापडतंच. आम्हाला प्लांटच्या स्पर्धेत दोनदा शील्ड मिळालेली आहे, उगाच नाही!

पुढच्याच रविवारी रुआबांध्याच्या आमच्या घरी 'झेप क्वालिटी सर्कल'ची स्थापना झाली. लीडर मी. डेप्युटी लीडर चंपत. सदस्य शेजारच्या बेबीताई, कारण समोसे त्या करणार होत्या, आणि कमला, कारण बैठक तिच्याच घरात होती. चंपतनं मिनिट्स लिहायला रजिस्टर आणलं. मी बैठकीच्या खोलीत भिंतीवर चार फुटी चार्ट पेपर चिकटवला आणि त्यावर मासा काढला.

खरंच मासा! त्याला फिशबोन म्हणतात. डोक्यात समस्या लिहायची, आणि एकेका काट्यावर कारणं. सगळं इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, कारण शील्डचे परीक्षक बाहेरून यायचे आणि ती सवय काही सुटत नाही. माशाच्या डोक्यात मी लिहिलं, 'आम्रपालीला इंटरव्ह्यू का येत नाही?' मग चार काटे. माणूस, मशीन, मटेरियल, मेथड.

"माणूस," मी म्हणालो. "बोला."

"भाजी खात नाही," कमला म्हणाली. लिहिलं.

"हसत नाही फोटोत," बेबीताई म्हणाल्या. लिहिलं.

मटेरियलच्या काट्यावर मी स्वतः शिफारसपत्रं लिहिली. कारण आमूकडून मला एक भयंकर गोष्ट कळली होती. तिकडे डॉक्टर आपलं शिफारसपत्र परस्पर पाठवतात, आणि ज्याची शिफारस आहे तो ते वाचतसुद्धा नाही! अरे, आम्ही प्लांटमध्ये आपलं शिफारसपत्र आपणच लिहायचो, टाइप करून आणायचो आणि साहेबांची फक्त सही घ्यायचो. साहेबांनाच ते वाचायला मिळायचं नाही!

एवढ्यात आमू पाणी प्यायला बाहेर आली. तिनं मासा बघितला, आम्हाला बघितलं, आणि म्हणाली, "बाबा, ये क्या है?"

"बस बेटा," चंपत म्हणाला. "पाचदा 'कावून' इचारतो. पाचव्या खेपेले मूळ कारण निघते. कधी चुकत नाही. सांग, इंटरव्ह्यू कावून नाही आला?"

"अर्ज उशिरा गेला, काका."

"कावून?"

"परीक्षेचा निकाल उशिरा लागला."

"कावून?"

"परीक्षाच उशिरा दिली. तारीख पुढं घ्यावी लागली."

"कावून?"

"दीड महिना अभ्यासच नाही झाला."

"कावून?"

आमूनं ग्लास खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"कावून की बाबांनी शिबिर लावलं होतं," ती म्हणाली.

आता इथं माझी बाजू ऐकून घ्या! अर्जात समाजसेवेचा रकाना असतो, असं मला कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून मी फक्त एका रविवारसाठी गेटवर पाटी लावली. 'अमेरिकेला जाणाऱ्या डॉक्टरकडून मोफत बीपी तपासणी.' सेक्टर दोनपासून खुर्सीपारपर्यंतचे सगळे पेन्शनर एका रविवारी कसे मावणार? ते सोमवारीही आले. मग रोजच येऊ लागले, येताना साडूला घेऊन येऊ लागले. बीपी मोजून झालं की गुडघा दाखवायचे, गुडघा झाला की सुनेबद्दल सांगायचे. पाटी काढायला मला दीड महिना लागला, कारण लोक मला 'डॉक्टरसाहेबांचे बाबा' म्हणू लागले होते आणि ते कानाला गोड वाटत होतं.

मी म्हणालो, "बरं, आता मशीनच्या काट्याकडे वळू."

"नाही," चंपत म्हणाला. "पद्धत म्हणजे पद्धत." आणि माझ्या पस्तीस वर्षं जुन्या मित्रानं लाल स्केचपेन काढला, माशाच्या पोटाखाली लिहिलं, 'रूट कॉज: फादर', आणि त्याभोवती गोल केला. हात वर करून मतदान झालं. तीन विरुद्ध एक. बेबीताईंनी तर समोसा धरलेला हात वर केला!

मी रागानं चार्ट फाडायला उठलो. फाटेना. मीच तो अर्धा डबा फेविकॉल लावून चिकटवला होता. आमच्याकडे काम पक्कं असतं.

खरं सांगू? रात्री मला वाईट वाटलं. पोरगी वर्षभर एक शब्द बोलली नव्हती. पाचदा विचारल्यावर बोलली.

त्यानंतर आमूनं आपला मार्ग आपणच काढला. सकाळी डबा घेऊन सेक्टर दोनला खुशबूकडे, म्हणजे तिच्या मैत्रिणीकडे, अभ्यासाला जायची ती संध्याकाळी यायची. उन्हाळ्यात दोन महिने अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलात नुसतं उभं राहून बघण्याचा अनुभव घेऊन आली. यंदा अर्ज पहिल्याच दिवशी गेला. आणि ऑक्टोबरमध्ये बोलावणं आलं! ओहायो राज्यातलं हॉस्पिटल. एकच बोलावणं, पण आलं. इंटरव्ह्यू ऑनलाइन, आपल्याकडची संध्याकाळची साडेसहाची वेळ. हे हुकलं तर तिसऱ्यांदा अर्ज करणार नाही, असं तिनं आईला सांगितलं होतं. मला सांगितलं नव्हतं. मला भिंतीआडून ऐकू आलं.

नेट फक्त बैठकीच्या खोलीत नीट चालायचं. म्हणजे मागं मासा! लॅपटॉपमध्ये खोटा देखावा लावून बघितला, तर जुन्या कॅमेऱ्यात आमूचा डावा कान गायब व्हायचा. डॉक्टरला कान नको? शेवटी कमलानं दोन खिळे ठोकून माशावर पांढरी चादर लावली. एकदम हॉस्पिटल दिसायला लागलं.

आमूनं माझे दोन्ही हात हातात घेतले. "बाबा, आज एकच काम करा."

"बोल बेटा. काही पण!"

"काहीच मत करो. बस, बसून राहा. प्लीज."

मी स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसलो. चंपतला गेटवर उभं केलं, भाजीवाल्याला आणि पेन्शनरांना थोपवायला. साडेसहा वाजले. पडद्यावर एक पांढऱ्या मिशीचे साहेब आले, प्रोग्राम डायरेक्टर. आमू छान बोलत होती. दहा मिनिटं मी काहीच केलं नाही. दहा मिनिटं! माझ्या आयुष्यातला विक्रम आहे.

पण ऑक्टोबरातली भिलाई तुम्हाला माहीत आहे. खिडक्या बंद, अंगात काळा कोट. आमूच्या कपाळावर घाम आला. एक थेंब भुवईवरून खाली निघाला. बापाचं मन कसं राहणार? पंख्याचं बटण माझ्या हाताजवळच होतं. मी फक्त बटण दाबलं. रेग्युलेटर कधीपासून पाचवर अडकलाय, तो माझा दोष नाही!

चादरीनं एकदा पोट फुगवलं. एक खिळा सुटला. मग दुसरा. आणि चादर सरसर खाली आली.

पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात मला सगळं दिसलं. मधे माझी पोर, ओहायोला आपल्या मेहनतीबद्दल सांगत असलेली. तिच्या मागं चार फुटी मासा. 'भाजी खात नाही.' 'फोटोत हसत नाही.' तिला काहीच पत्ता नव्हता. मी जमिनीवर आडवा झालो, सरपटत तिच्या खुर्चीमागं गेलो आणि चादरीची दोन टोकं धरून हळूच उभा राहिलो. माझा बेत साधा होता. आता इंटरव्ह्यू संपेपर्यंत मीच खिळा!

पण माझी उंची पाच फूट दोन इंच. मासा माझ्या डोक्यावरून पूर्ण दिसत होता. चादरीखालून माझे पाय दिसत होते.

साहेबांनी चष्मा वर केला. आमूला विचारलं, तुमच्या मागं कुणी उभं आहे का?

आमू वळली. चादरीवरून माझे डोळे आणि तिचे डोळे एकमेकांना भिडले. तिचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. मला वाटलं, आता ही रडणार, आणि माझ्यामुळे दुसरं वर्षही गेलं. त्या क्षणी कुणी म्हटलं असतं तर मी स्वतःला भट्टीत टाकून घेतलं असतं.

आमू पुन्हा कॅमेऱ्याकडे वळली. पाठ ताठ केली आणि शांतपणे इंग्रजीत म्हणाली, "सर, दॅट इज द रूट कॉज."

साहेबांनी लाल गोल वाचला. मग माझे पाय बघितले. मग ते असे हसले, असे हसले, की मिशा पडद्याबाहेर गेल्या. म्हणाले, खुर्ची बाजूला घ्या, मला हा चार्ट बघायचाय.

'चार्ट' हा शब्द गेटपर्यंत गेला. चार्टचं सादरीकरण हा डेप्युटी लीडरचा हक्क असतो! चंपत धावत आत आला, सेफ्टी शूजच्या टाचा जुळवून कॅमेऱ्यापुढं ताठ उभा राहिला आणि शील्डच्या वेळी म्हणायचो तसं इंग्रजीत ओरडला, "गुड इव्हनिंग सर! मी चंपत, डेप्युटी लीडर, झेप क्वालिटी सर्कल!" सवयीनं माझ्याही तोंडून निघालं, "मी प्रेमानंद, लीडर!" खिडकीबाहेरून बेबीताई ओरडल्या, "बेबी, मेंबर!"

"काका, बाहेर," आमू म्हणाली. चंपत गेला. "बाबा, चादर ठेवा. आणि पंखा बंद करा." मी दोन्ही केलं.

मग पोरीनं एकटीनं मासा समजावून सांगितला. मागच्या वर्षी काय चुकलं, पाच 'का' कसे विचारले, यंदा काय बदललं. शिबिराचंही सांगितलं, आणि त्या दीड महिन्यात तेरा जणांचं लपलेलं बीपी सापडलं, हेही सांगितलं. तेरा! मला हा आकडा माहीतच नव्हता. साहेब शेवटी म्हणाले, माझ्या हॉस्पिटलात चूक कुणाची हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण मोठ्या डॉक्टरचं नाव लिहायला कुणी धजत नाही. तुम्ही तर वडिलांचं नाव वडिलांच्याच भिंतीवर लिहिलंत.

कॉल बंद झाला. आमू माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "बाबा, चहा पिऊन राहिले का? मले पण द्या." मी तिला दोन कप दिले.

मार्चमध्ये निकाल आला. ओहायो! कमला रडली, बेबीताईंनी समोसे तळले, आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागलो की रूट कॉज नसतं तर चार्ट नसता, चार्ट नसता तर अमेरिका नसती, म्हणजे खरं श्रेय कुणाचं ते तुम्हीच बघा!

जूनमध्ये आमूला रायपूरच्या विमानतळावर सोडून आलो. काचेपलीकडून तिनं एकदाच हात हलवला, मी दोन्ही हलवले. घरी आलो तर चंपत रजिस्टर उघडून बसलेला. केस बंद करायची होती. शेवटचे रकाने त्यानं सुवाच्य अक्षरात भरले होते.

'मूळ कारण: फादर. उपाय: फादर भिलाईत, उमेदवार ओहायोत. परिणाम: समाधानकारक. समस्या पुन्हा उद्भवण्याची शक्यता: फादरला व्हिसा मिळेपर्यंत नाही.'

"वाच आणि लीडरची सही कर," तो म्हणाला.

पंखा पाचवर फिरत होता. माझ्या व्हिसाचा अर्ज खिशातच होता, दुपारी प्रिंट काढून आणलेला. मी तो आणखी आत सारला आणि सही केली.