दोनदा आडवं, एकदा खाली

चाचणी सुरू झाली तेव्हा पाळण्यात चार खुर्च्या, चार पट्टे, पाणी भरलेले तीन रबरी पुतळे आणि एक मॅनेजर होते. चाचणी संपली तेव्हाही खुर्च्या चार, पट्टे चार, पुतळे तीन आणि मॅनेजर एक, असं सगळं जागच्या जागी होतं. फक्त मॅनेजरांच्या नाकावरचा चष्मा नव्हता. तो समोर झोपलेल्या ऑक्टोपसच्या उघड्या तोंडात जाऊन पडला होता, आणि ऑक्टोपस ठरल्याप्रमाणे घोरत होता.

"हे असं व्हायचं असतं का?" मॅनेजरांनी अंधारात विचारलं.

"नाही," स्पीकरमधून उत्तर आलं. "पण कसं झालं, हे शोधायला मजा येईल."

हे उत्तर शास्त्रज्ञबाईंचं. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन त्या सहा महिन्यांपूर्वी या करमणूक उद्यानात नोकरीला लागल्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी कँटीनमधला डुगडुगणारं टेबल मोजून कोणता पाय किती आखूड आहे ते सांगितलं, आणि हे नाव चिकटलं. चिकटवलं मामांनी. मामा कुणाचेच मामा नव्हते, म्हणून सगळ्यांचे होते.

उद्यानात 'समुद्राखालची गुहा' नावाची नवी सफर तयार होत होती. काळोख्या दालनाच्या मधोमध एक प्रचंड यांत्रिक हात उभा होता. मोटारींच्या कारखान्यात असे हात दरवाजे उचलतात. इथे त्याच्या मुठीत चार माणसांचा पाळणा होता. तो पाळण्याला कधी उचलायचा, कधी कलता करायचा, कधी माशांच्या थव्यातून ओढून न्यायचा. त्याला सगळे 'दादा' म्हणत. कंट्रोल रूमच्या टेबलावर दादाचीच हुबेहूब प्रतिकृती होती, आकाराने दहा पट लहान. ते 'पिल्लू'. मामांनी पिल्लाचं टोक धरून हवेत फिरवायचं, संगणकाने ती हालचाल टिपून घ्यायची आणि दादाने तीच दहा पट मोठी करून दाखवायची. पिल्लू एक मिलिमीटर हललं की दादा एक सेंटिमीटर हलणार. का हललं, हे विचारायची सोय दादात नव्हती.

एवढा खटाटोप कशाला? संगणक स्वतःच वळणं आखू शकत होता की. तसं एकदा करूनही पाहिलं होतं. बसलेली माणसं उतरताना म्हणाली, "छान आहे. लिफ्टसारखं." मग मामांना आणलं. मामांनी उभी हयात रंगमंचावर दोऱ्यांच्या बाहुल्या नाचवल्या होत्या. त्यांनी शिकवल्यापासून पाळण्यात बसणाऱ्याला वाटायचं, आपल्याला कुणीतरी हलक्या हाताने उचलून नेतंय.

आणि आता त्याच सफरीत, सगळ्यांत शांत प्रसंगात, ऑक्टोपसच्या अगदी नाकासमोर, पाळण्याने झटका दिला होता.

शास्त्रज्ञबाईंनी क्रमाने जायचं ठरवलं. आधी बोल्ट. फिटरने दादाच्या खांद्यापासून मनगटापर्यंत सगळे बोल्ट आवळले. झटका तिथेच. मग वजन. पुतळ्यांच्या जागा बदलल्या, एकात पाणी जास्त भरलं, तर तो शिवणीतून फुटला आणि समुद्राखालच्या गुहेत पहिल्यांदाच खरं पाणी आलं. ते पुसून पुन्हा सफर चालवली. झटका तिथेच, तसाच, तेवढाच.

"म्हणजे दादाचा दोष नाही," शास्त्रज्ञबाई आनंदाने म्हणाल्या. "त्याला जे शिकवलं, तेच तो करतोय."

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. खोलीत सगळे मामांकडे बघत होते. खरं म्हणजे सगळे मामांच्या उजव्या हाताकडे बघत होते. मामांनी तो खिशात घातला.

मॅनेजर वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार लावून घेतलं आणि आजाऱ्याच्या खाटेशी बसून बोलावं तसा आवाज काढला. "मामा, हल्ली हात... म्हणजे थोडासा... कापतो का?"

"माझा हात?" मामा म्हणाले. "या हाताने मी बाहुलीला बाहुलीच्या डोळ्यात काजळ घालायला लावलंय."

"ते झालंच हो. पण शनिवारी लोक येणार. शुक्रवारपर्यंत ऑक्टोपसचा प्रसंग नव्याने शिकवा. हात ठरलेल्या रेषेपासून एक मिलिमीटरच्या आत राहिला, तर तुमचंच काम ठेवू. नाहीतर अख्खी सफर संगणकाकडून आखून घेऊ. तुम्ही मग सल्लागार."

"सल्लागार म्हणजे?"

"म्हणजे घरी बसायचं, आम्ही विचारलं की सांगायचं."

"आणि नाही विचारलंत तर?"

मॅनेजरांनी ऑक्टोपसच्या लाळेने, म्हणजे वंगणाने, माखलेला चष्मा पुसायला घेतला.

त्या दिवसापासून मामा हात सिद्ध करायच्या मागे लागले. काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला घेऊन ते वर्कशॉपच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे आणि वाटेत भेटेल त्याला विनाकारण "काय, बरं आहे ना?" विचारायचे. फिटरच्या टेबलावर त्यांनी नटांचा मनोरा रचला आणि फिटरला दुपारपर्यंत एकही नट मिळू दिला नाही. चहाने हात थरथरतो असं कुणीतरी सांगितलं, म्हणून चहा सोडला. चहा सोडल्यावर डोकं दुखू लागलं, डोकं दुखल्यावर चिडचिड सुरू झाली. पिल्लाला मात्र ते हातच लावेनात. "आधी हात बसू दे," म्हणायचे. हात खिशात बसलेलाच होता.

शास्त्रज्ञबाईंना स्वतःच्या वाक्याची टोचणी लागली होती. त्या जुन्या रेकॉर्डिंगचा आलेख काढून तासन्‌तास बघत बसल्या. संथ, सुंदर रेषा, आणि ऑक्टोपसपाशी अचानक तीन लाटा: दोनदा आडवं, एकदा खाली.

"मामा, हात कापतो तेव्हा बारीक आणि भराभर कापतो. सेकंदाला पाच-सहा वेळा. हे तर सावकाश आहे, मोठं आहे. याला काहीतरी अर्थ असावा असं वाटतं. त्या वेळी काय झालं होतं? शिंक? माशी?"

"काही नाही. मी, पिल्लू आणि शांतता."

हे म्हणताना मामांची नजर भिंतीवरच्या पाटीकडे गेली आणि घाईने परत आली. पाटी मामांनीच रंगवली होती: 'पिल्लू शिकत असताना मोबाइल बंद. कोणीही असो.' शास्त्रज्ञबाईंनी ती नजर पाहिली, पण नजर मोजायचं एकक त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून सोडून दिली.

शुक्रवारी दुपारी कंट्रोल रूमच्या दारात एक बाई उभ्या राहिल्या. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात पिशवी.

"आमचे हे कुठायत? आणि मला खरं सांगा, डॉक्टर काय म्हणाले?"

या मामी. त्यांनी पिशवीतून शर्ट काढून टेबलावर पसरले. "चार दिवस चहा नाही. पहाटे उठून सुई ओवतात. चांगली घट्ट बटणं कापून पुन्हा लावतात. हा बघा, याची गळ्याजवळची दोन्ही बटणं एकाच काजासमोर. माणूस आतून हलल्याशिवाय असं करतो का?"

"अगं, मला काही झालेलं नाही!" मामा पिल्लामागून म्हणाले.

"मग चहा घ्या."

"नको."

"बघितलंत?" मामी सगळ्यांना म्हणाल्या.

मॅनेजरांनी घसा खाकरून सारं समजावलं. ऐकताना मामींचा चेहरा आधी उजळला, मग गंभीर झाला. "हात कापतो? यांचा? भांड्यातलं दूध उतू जायच्या बेतात असलं तरी थेंब न सांडता उतरवतात. मला दाखवा तो झटका."

"पाहून कळत नाही. बसावं लागतं," शास्त्रज्ञबाई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे चमकले. पुतळा फुटल्यापासून एक खुर्ची रिकामी होती. "मामी, तुमचं वजन किती?"

"असं विचारतात का गं?"

"पुतळा साठ किलोचा होता."

"मग चालेल," मामी म्हणाल्या आणि यावर अधिक बोलल्या नाहीत.

मामांसाठी आणखी एक पुतळा उतरवला. पाळण्यात मामा, हातातला थर्मास न सोडणाऱ्या मामी, उरलेला पुतळा आणि चष्म्याला दोरी बांधलेले मॅनेजर बसले. पट्टे लागले. दादाने त्यांना अलगद उचललं. मासे गेले, प्रवाळ गेलं, अंगावरून निळा उजेड वाहत गेला. स्पीकरमधून शास्त्रज्ञबाईंना मामींचा आवाज ऐकू आला, "अय्या! हे तुम्ही केलंत?" त्यावर माइकवर मामांचा एक दीर्घ, सुखाचा श्वास ऐकू आला.

मग ऑक्टोपस. घोरणं. शांतता. पाळणा दोनदा आडवा झटकला गेला आणि एकदा खाली.

"थांबवा!" मामी ओरडल्या.

शास्त्रज्ञबाईंनी बटण दाबलं. पाळणा ऑक्टोपसच्या तोंडासमोर लटकत राहिला.

"लागलं का कुठे?" मॅनेजरांनी दोरी चाचपत विचारलं.

"लागायचं काय? सवयीचं आहे मला. अहो, हे तर तुमचं 'हो गं, बघतो' आहे!"

"माझं काय?"

"तुम्ही पेपर वाचताना मी काही काम सांगितलं की हात असा करता. मांडीवरचा चुरा झटकल्यासारखा. दोनदा आडवा, एकदा खाली, आणि तोंडाने 'हो गं, बघतो'. चौतीस वर्षं लांबून बघतेय. आज आत बसून कळलं कसं वाटतं ते."

"मी असं कधीच करत नाही," मामा म्हणाले, आणि त्यांचा उजवा हात दोनदा आडवा, एकदा खाली गेला.

पुतळ्याच्या पोटात पाणी डुचमळल्याचं ऐकू आलं.

"मामी," स्पीकरमधून शास्त्रज्ञबाईंनी अत्यंत जपून विचारलं, "तुम्ही मामांना इथे फोन करता?"

"फारसा नाही. हां, मागच्या आठवड्यात केला होता की. माळ्यावरची ट्रंक कधी काढताय म्हणून. 'हो गं, रविवारी नक्की' म्हणाले."

"मामा!" मॅनेजर म्हणाले. "रेकॉर्डिंग चालू असताना फोन? तुमच्याच पाटीखाली?"

मामांनी ऑक्टोपसकडे पाहिलं, पण तो मदतीला येण्यातला नव्हता. "तिचा होता म्हणून घेतला," ते पुटपुटले. "दुसऱ्या कुणाचा घेतला नसता."

यावर मामींनी तोंड फिरवलं, पण थर्मासचं झाकण उघडलं. मामांनी चार दिवसांनी चहा घेतला, जमिनीपासून चार मीटर उंचावर, आणि एक थेंबही सांडला नाही.

खाली आल्यावर शास्त्रज्ञबाई म्हणाल्या, "हा अजून अंदाज आहे. पुन्हा करून पाहिल्याशिवाय सिद्ध झाला असं म्हणता येणार नाही." मामींना फोन घेऊन बाहेर व्हरांड्यात उभं केलं. मामांनी उजव्या हातात पिल्लू धरलं, डाव्या हातात मोबाइल. "आता मला माहितीये," ते म्हणाले. "आता हात हलला तर नाव बदलेन." ऑक्टोपसचा प्रसंग सुरू झाला, फोन वाजला.

"ट्रंकेचं काय झालं?" मामींचा आवाज दाराबाहेरूनही ऐकू येत होता आणि फोनमधूनही.

"हो गं, बघतो, या रविवारी नक्की."

पडद्यावर तीन लाटा उमटल्या. अकरा मिलिमीटर. मामांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग हाताकडे, बाहुलीने आपणहून मान हलवली तर जसं पाहतील तसं.

"काय नाव ठेवू?" शास्त्रज्ञबाईंनी विचारलं.

"कारण मिळालं," मॅनेजर घड्याळ बघत म्हणाले. "आता फोनबिन काही नाही, खरंखुरं रेकॉर्डिंग. हे शेवटचं. एक मिलिमीटर, मामा. माझ्याही हातात आता काही राहिलेलं नाही."

मामांनी मोबाइल टेबलावर ठेवला. बोटं पुसली, पिल्लाचं टोक धरलं. मासे गेले, प्रवाळ गेलं. हात पाण्यातून चालल्यासारखा पुढे सरकत होता. ऑक्टोपस आला.

आणि फोन वाजला.

प्रयोग संपला आहे, हे व्हरांड्यात जाऊन मामींना सांगायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

मॅनेजरांनी डोळे मिटले. शास्त्रज्ञबाई फोनकडे झेपावल्या, पण मामांचा डावा हात त्यांच्या आधी पोचला. चौतीस वर्षांची सवय होती ती. पाटीला विचारून चालणारी नव्हती.

"मग? ट्रंक?" मामींनी विचारलं.

पिल्लू ऑक्टोपसच्या नाकासमोरून जात होतं.

"आज काढतो," मामा म्हणाले. "साडेसहाला घरी येतो. शिडी तेवढी बाहेर काढून ठेव."

पलीकडून मामी म्हणाल्या, "बरं."

प्रसंग संपला. मामांनी पिल्लू जागेवर ठेवलं. शास्त्रज्ञबाईंनी आलेख उघडला, रेषेवर रेषा ठेवली आणि मोजलं. ऑक्टोपससमोर मामांच्या हाताचं सर्वांत मोठं विचलन: शून्य पूर्णांक चार दशांश मिलिमीटर.