कुणाला काही शंका?

ज्ञान अथांग असते, म्हणूनच त्याला पानांची मर्यादा घालावी लागते. आमच्या गणित विभागात ती एकशे ऐंशी पाने, डावीकडे दीड इंच समास अशी आहे. मी या विभागाचा लिपिक. बावीस वर्षांत माझ्या हाताखालून पीएच.डी.चे एकशे चार प्रबंध गेले. समास चुकला म्हणून त्यांतले नऊ परत आले. गणित चुकले म्हणून एकही नाही. यावरून आमच्या गणिताचा दर्जा ध्यानात यावा.

प्रबंध वाचण्याचीही एक पद्धत आहे. मार्गदर्शक ऋणनिर्देश वाचतात (आपले नाव पहिले आहे ना?). परीक्षक मागून सुरुवात करतात, कारण संदर्भसूची मागे असते आणि त्यांची नावे तिथे असतात. मधली पाने जाडीसाठी. ती नसती तर बांधणी टिकली नसती, असे बाइंडरचेही मत आहे.

ज्या उमेदवाराची ही हकिगत, तो सातव्या वर्षात होता. नियमाने आठवे वर्ष नसते. एका कॉलेजात त्याची नोकरीही ठरली होती, पदवीचा कागद दाखवा आणि रुजू व्हा, या बोलीवर. त्याची आई शिवणकाम करते. सात वर्षे घर तिच्या मशिनवर चालले. बाईत दोष म्हणाल तर एकच. हातात आलेली वस्तू ती उलटसुलट करून बघते. शुद्धलेखन तपासायला म्हणून मुलाने प्रबंध तिच्याकडे दिला आणि तिने तो वाचला. पहिल्या पानापासून, ओळीने. (अशा वाचनाची नोंद करायला आमच्याकडे रकाना नाही.)

चौथ्या दिवशी, मशिनवरून न उठताच तिने विचारले, "का रे, एकेचाळीसाव्या पानावर म्हणतोस, प्रत्येकाला पुरेल एवढा आकडा सापडतो. ज्याचा त्याचा वेगळा."

"हो."

"आणि चव्वेचाळीसवर म्हणतोस, सगळ्यांना मिळून एकच आकडा पुरतो. हे मधे कधी ठरलं?"

"ते उघड आहे गं, आई."

"मला नाही दिसत. माझ्याकडे रोज नवं गिऱ्हाईक येतं, कालच्यापेक्षा जाड. प्रत्येकाच्या कपड्यात मी माया सोडते, ती त्याला पुरते. पण उद्यापासून येणाऱ्या सगळ्यांना पुरेल अशी एकच माया किती सोडू, सांग बरं?" (माया म्हणजे शिवणीत आत दडवून ठेवलेले जादा कापड. हे मला नंतर समजले.)

मुलगा पाने मागेपुढे करत राहिला. त्या दिवशी तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी तो मार्गदर्शकांच्या खोलीत गेला. मी तिथे सह्या घ्यायला उभा होतो.

"सर, चव्वेचाळीसवर चूक आहे."

"कुणाला सापडली?"

"आईला."

"परीक्षकांना?"

"नाही."

"मग ती अजून चूक नाही. शंका आहे. आणि शंका घ्यायला किमान पीएच.डी. लागते."

सर नियमाला धरून बोलले. आमच्या नमुना क्रमांक सातमध्ये त्रुटी दाखवणाऱ्याची पदवी, हुद्दा, अनुभव आणि शिक्का यांसाठी रकाने आहेत; त्रुटीसाठी एक ओळ आहे. उमेदवारच आपली त्रुटी दाखवू लागला तर काय करावे, हे नियम करणाऱ्यांना सुचले नाही. ते अनुभवी लोक होते.

तोंडी परीक्षा खुली असते. सभागृहात एकतीस जण होते. एकोणीस विद्यार्थी (नंतर चहा होता), आठ शिक्षक, तीन नातेवाईक आणि मी. पडद्यावर ती चव्वेचाळीसाव्या पानाची ओळ आली तेव्हा सर्वांनी मान डोलावली. मीही डोलावली, आणि मला त्यातले ओ की ठो कळत नाही. एकटी आई मांडीवर हात घट्ट दाबून खाली बघत होती. तिला नोकरी दिसत होती. मला तिची दया आली.

शेवटी अध्यक्षांनी रीतीप्रमाणे विचारले, "कुणाला काही शंका?" यानंतर दोन सेकंद थांबून टाळ्या वाजवायच्या असतात. तेवढ्यात एक हात वर झाला. तो उमेदवाराचा होता.

"मला आहे," तो म्हणाला, आणि त्याने सगळे सांगून टाकले.

समिती आत गेली. चाळीस मिनिटे चर्चा झाली (पैकी तीस चहा). निर्णय असा झाला: शंका विचारण्याचा हक्क श्रोत्यांना आहे, उमेदवाराला नाही, तरीही इतकी बारीक चूक ज्याला समजावून सांगता येते त्याचे प्रभुत्व वादातीत आहे, सबब पदवी एकमताने देण्यात येत आहे.

"मी आत्ता घेत नाही," तो म्हणाला. "आधी दुरुस्त करतो."

बाहेर आईचे डोळे भरून आले होते. मी म्हटले, "बाई, वाईट वाटतंय?"

"वाटतंय की हो. हातची नोकरी गेली." मग नाक पुसून ती म्हणाली, "पण गिऱ्हाइकाच्या अंगावर उसवण्यापेक्षा घरी उसवलेलं बरं."

याला अकरा महिने झाले. नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली. पदवीचा कागद माझ्या खणात आहे. त्याने येऊन सही केली की त्याचा. तो सकाळी शिकवण्या घेतो आणि दुपारी ग्रंथालयात बसतो. गेल्या आठवड्यात भेटला तेव्हा त्रेचाळीसावे पान पक्के झाल्याचे त्याने मला सांगितले, आणि एवढा खूश माणूस या इमारतीत मी पाहिलेला नाही.

विभागाचे मत मात्र एक आहे. पोरगा वेडा आहे. गुपचूप सही करायची, कागद घ्यायचा, कोण बघायला जातंय?

वाचकहो, तुमच्याही मनात हेच आले ना? मघाशीच आले असेल. लाजू नका. आमच्या समितीवर सध्या एक जागा रिकामी आहे. तुमचा अर्ज माझ्याकडे आणून द्या. समास तेवढा दीड इंच सोडा; बाकीचे कुणी वाचत नाही.