नेट खाली घेऊ

दर रविवारी सकाळी आमच्या नांदेडच्या घरासमोरच्या मोकळ्या प्लॉटवर एक सत्तरीचा माणूस व्हॉलीबॉलचं नेट बांधतो. त्याच्याखाली उभा राहून हात वर करतो, मान हलवतो आणि नेट चार बोटं खाली घेतो. मग सोडून, घडी घालून, खताच्या पोत्यात भरून निघून जातो. नेटचं एक टोक लिंबाला असतं आणि दुसरं माझ्या कपडे वाळत घालायच्या खांबाला. मला विचारलं होतं का? छे.

हे मारोतराव, आमचे शेजारी. पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले. मी शाळेत पीटीची बाई होते, माझा जन्म शिट्टी वाजवण्यात गेला. पुरुषांचं नेट आठ फुटांच्या आसपास असतं, हे मी झोपेतही सांगेन. मारोतरावांचं नेट माझ्या नाकाशी आलं, तेव्हा मी विचारलंच, "याला काय व्हॉलीबॉल म्हणायचं?"

"मॅडम, एकाचा गुडघा बदलला, एकाचा खांदा वर जात न्हाई, एकाला मोतीबिंदू. पोरं थकली. मग काय, घरी बसू द्यायची? नेट खाली घेऊ."

पोरं म्हणजे त्यांच्या कॉलेजची टीम. रिटायर झाल्यावर सगळी पांगली होती. कुणी अर्धापुरात केळीच्या बागेत, कुणी नातवंडांच्या शाळेच्या रिक्षामागं. मारोतरावांनी एकेकाच्या दारात जाऊन त्यांना गोळा केलं. कुणी म्हणालं दम लागतो, "नेट खाली घेऊ." कुणी म्हणालं बायको सोडत नाही, "नेट खाली घेऊ." माझं सिलिंडर वेळेवर आलं नाही तेव्हाही हेच म्हणाले. माझं डोकंच फिरलं. मग दुपारी त्यांनी स्वतःच्या घरची कोळशाची शेगडी आणून ठेवली, तेव्हा जरा शांत झालं.

खेळ व्हायचा दूर, कॉलेजच्या मागच्या मैदानावर. मी कधी गेले नाही, माझी शिट्टी तेवढी जायची आणि धुऊन परत यायची. पण "आमच्या टीमनं त्या वर्षी सगळ्यांची जिरवली" ही कथा मला पाठ झाली होती. मला वाटायचं, हा गडी जबर खेळत असणार.

एकच जण येत नव्हता, कॅप्टन व्यंकटराव. ते रेणापूरला राहायचे. वर्षापूर्वी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली आणि त्यांनी माणसंच तोडली. मारोतराव दोनदा गेले. दोन्ही वेळा वहिनींनी उंबऱ्यातच सांगितलं, "ते कोणालाच भेटत न्हाईत." केळीची फणी ओट्यावर ठेवून हे परत आले.

"मॅडम, तो असाच आतल्या आत गेला तर?" मला म्हणाले. त्यांचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाहते तर हे नेट बांधून राहिलेले. या खेपेला माझ्या छातीच्याही खाली. समोर खुर्ची टाकून, तीत बसून हात वर करून पाहत होते.

"रविवारी शिट्टी न्हाई, तुमीच चला," म्हणाले. "आमाला तो हाकलून देईल. पण दारात बाईमाणूस पाव्हणी आल्यावर कसा हाकलतो ते पाहू."

म्हणजे मला पुढं घालून लढाई. बरं म्हटलं.

लातूरच्या एसटीत कंडक्टरनं पोत्यातून डोकावणारी जाळी पाहिली आणि विचारलं, "काका, मासे कुठं धरून राहिले?" टीममधले पाचही म्हातारे पोटभर हसले. मारोतराव हसले नाहीत. त्यांनी पोतं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

रेणापूरला वहिनी दारातच म्हणाल्या, "ते भेटणार न्हाईत हो."

"भेटाया कोण आलंय?" मारोतराव म्हणाले. "आमी खेळाया आलो. अंगण तेवढं द्या. ह्या मॅडम पंच हायत, त्यांना चहा द्या."

वहिनी माझ्याकडं पाहून दारातून बाजूला सरल्या. गल्लीतल्या मंडपवाल्याकडून प्लास्टिकच्या खुर्च्या आणि दोन खांब आले, मारोतरावांनी नेट बांधलं. नेटच्या एका बाजूला तीन बसले, दुसऱ्या बाजूला दोन आणि एक रिकामी खुर्ची. मी शिट्टी फुंकली. असला भिकार खेळ मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. चेंडू एकदा तुळशीत गेला, एकदा माझ्या चहात. मारोतराव पळत पळत तो आणून देत होते आणि मधेच नेटची गाठ आवळत होते.

"मारोतराव, तुम्ही बसा की. खुर्ची रिकामी आहे."

"ती व्यंकटची हाय."

मोतीबिंदूवाले माझ्याकडं झुकून हळू म्हणाले, "मॅडम, मारोती कवाच खेळला न्हाई. टीममधी घेतलंच नव्हतं त्याला. तो आमचं नेट बांधायचा."

ज्यांनी याला आत घेतलं नाही, त्यांच्यासाठी हा माणूस म्हातारपणी दारोदार फिरत होता.

तेवढ्यात खिडकीतून जड आवाज आला, "हात... सरळ... गाढवा."

सगळे थांबले. दार उघडलं. वहिनींच्या खांद्यावर हात टाकून, पाय ओढत व्यंकटराव बाहेर आले आणि रिकाम्या खुर्चीत बसले. कुणी तब्येत विचारली नाही. त्यांनी डाव्या हातानं सर्व्हिस केली. चेंडू नेटला लागला. दुसऱ्यांदा पलीकडं गेला.

मारोतराव खांबापाशी उभे होते. डोळे पुसत होते आणि गाठ तपासायचं सोंग करत होते. व्यंकटरावांनी त्यांच्याकडं पाहिलं.

"मारोती. तू कामून... भाईर?" एकेक शब्द ओढून काढत ते म्हणाले. "खुर्ची घे. आत ये."

मारोतराव खुर्ची घेऊन आत आले. कडेलाच बसले. पहिलाच चेंडू सरळ त्यांच्याकडं आला, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि सोडेचनात.

मी शिट्टी वाजवली. नियम तो नियम, चेंडू धरायचा नसतो. "फाऊल!"

"फाऊल," कॅप्टननीही मान डोलावली.

परतीच्या एसटीत तिकीट काढताना मारोतराव कंडक्टरला सांगत होते, "आज माझा फाऊल झाला. मॅडमला इचारा."

मी म्हटलं, "हाव, झाला."