आसरांच्या पायाला पाणी

निंबोळी नदी भर चैत्रात वाहिली, हा निकाल आरंभीच जाहीर करून टाकतो. आसरखेडच्या तलावाची पातळी तीन फुटांनी वाढली, कामाचा दाखला मिळाला, आणि ज्या अर्थी दाखला मिळाला त्या अर्थी नदी वाहिलीच. आता वाचकांनी हे सारे विसरावे आणि असे काही घडलेच नाही असे धरून पुढे वाचावे. अवघड जाणार नाही. आम्हाला तर नदीकाठी राहून ते जमले.

गोष्ट महाराष्ट्र राज्य नवे होते तेव्हाची. पंचायत समिती त्याहून नवी, आणि तिच्या जीपचा रंग अजून हाताला लागत होता. सोनाळ्याच्या बाजारातून सातपुड्याच्या अंगाला निघाले की आसरखेड लागते. गावाला एक जुना तलाव, तलावाच्या पाळीवर शेंदूर लावलेल्या सात दगडांच्या आसरा, म्हणजे पाण्याच्या देवी, आणि तलावाच्या मोरीतून निघणारी निंबोळी. पाणी फुटात मोजण्याची आमच्याकडे रीत नव्हती. पावसाळा सरताना पाणी आसरांच्या पायाला लागले, की नदीला चैत्रापर्यंत धार राहणार, हा पणजोबांच्या वेळचा हिशेब. पुढे तलावात गाळ साचला, पाणी आसरांच्या बरेच खाली राहू लागले, आणि नदी संक्रांतीचा तीळगूळ घेऊन परस्पर निघून जाऊ लागली.

याचा त्रास एकट्या सत्यभामाबाईंना झाला. त्यांना शेत नव्हते. नदीच्या पात्रातल्या वाळूत त्या काकडी, डांगर आणि वांग्याची वाडी लावीत आणि त्यावर वर्ष काढीत. आसरांची दिवाबत्तीही त्यांच्याच घराकडे होती, पण तिच्यावर फक्त देवीचे पोट भरे.

म्हणून तलावाचा सांडवा, म्हणजे जादा पाणी जिच्यावरून सांडते ती भिंत, तीन फूट उंच करण्याची योजना मंजूर झाली तेव्हा सत्यभामाबाईंनी त्याच दिवशी बी भिजत घातले. ओव्हरसियर नारायणराव चावडीवर आले. सांडवा वाढला की पाणी जास्त साठेल, मोरीतून नदीला उन्हाळाभर धार राहील, असे त्यांनी समजावले. आम्ही माना डोलावल्या. मग ते म्हणाले, पाणी अर्थातच काठावर थोडे पसरेल.

डोलणाऱ्या माना थांबल्या. तलावाचे पाणी जसजसे ओसरे तसतसे आमचे नांगर गाळात पुढे सरकत. त्या गाळात सभापती हिंमतरावांचा हरभरा होता. हिंमतराव मात्र एक शब्द बोलले नाहीत. त्यांना बोलावेच लागले नाही, कारण त्यांच्या हरभऱ्याला लागून कडूबाचा गहू होता आणि कडूबाच्या गव्हाला लागून आम्हा सर्वांचा. बांधकामाने तलावाला नजर लागेल, असे कोणी म्हणाले. मास्तरांनी तर भिंत उंच झाल्यास गावाला सूर्य उशिरा दिसेल आणि शाळेची घंटा चुकेल, अशी शास्त्रीय शंका काढली.

योजना रद्द करावी, तर मंजूर योजनेचा तो अपमान. नारायणरावांनी कपाळाला हात लावला. कामाच्या अटीत त्यांनी आम्हीच सांगितलेली खूण घातली होती: पाणी आसरांच्या पायाला लागले की काम पुरे.

"त मंग सोपं हाय," हिंमतराव पहिल्यांदा बोलले. "पाणी देवीपर्यंत येत नाही ना? देवीनं पाण्यापर्यंत जावं. गावासाठी एवढं लहानपण घ्याले काय होते?"

दुसऱ्या दिवशी डफडे वाजवीत आसरांना पाळीवरून पाण्याच्या काठी उतरवले. दिवाबत्ती ज्यांची, देवी उचलायचा मान त्यांचा. तेव्हा दुरडी सत्यभामाबाईंच्या डोक्यावर आली. दगड ठेवताच पाणी पायाला लागले, आणि नारायणरावांनी घड्याळ पाहून वहीत पातळी तीन फूट वाढवली. पुढे पाणी उतरेल तशी देवीही उतरू लागली. दर वेळी दुरडी सत्यभामाबाईंच्या डोक्यावर, आणि दर वेळी तलाव भरलेला. सुटलेल्या जागेत आम्ही पेरणी केली.

पाणी आसरांच्या पायाशी म्हणजे नदीला धार, हे ठरलेलेच होते. पण वाहत्या नदीतून लोक पायी जातात हे खात्याला धोक्याचे वाटले. जिल्ह्यातून एक डोंगा आला आणि कडूबा नावाडी झाला. डोंगा वाळूत होता. उतारू त्यात बसत, कडूबा वल्हे उभे करी, त्याचे बैल डोंगा ओढून पलीकडे नेत. एका पाव्हण्याने मधेच उतरून चालायला सुरुवात केली, तेव्हा कडूबाने त्याला बुडशील म्हणून बजावले. पाव्हणा वडनेर भोलजीचा होता, शहाणा होता. तो परत येऊन बसला.

माघ सरता सरता सत्यभामाबाईंच्या वाडीचे वेल माना टाकू लागले. त्यांनी पाण्यासाठी वाळूत खड्डा, म्हणजे झिरा, खणला, तर वाहत्या नदीत झिरा खणणे म्हणजे नदीवर अविश्वास, असे सांगून तो बुजवण्यात आला. त्या नारायणरावांकडे गेल्या.

"साहेब, नदी वाहून राह्यली म्हणता, त तेवढं माह्या काकडीले सांगून द्या. तिले माहीतच नाही."

नारायणराव मनाने वाईट नव्हते. ते म्हणाले, "बाई, पुरात बुडालेल्या पिकाला भरपाई आहे. मी पंचनामा करतो."

पंचनामा झाला. त्यात आले की, सदर वाडी नदीच्या प्रवाहात असून पाण्याअभावी बुडाली. वरच्या कचेरीने विचारले, बुडाली तर ओली का नाही? पुढचा पत्रव्यवहार अद्याप कोरडा आहे.

चैत्र लागला. मोठे साहेब वाहती नदी पाहायला येणार, असा निरोप आला. तलावात आता चिखलाचे एक डबके उरले होते. देवीला शेवटची पायरी उतरवा, असे हिंमतरावांनी सांगितले. सत्यभामाबाईंनी नेहमीप्रमाणे दुरडी डोक्यावर घेतली, पण डबक्याकडे न वळता त्या पाळ ओलांडून थेट नदीच्या पात्रात उतरल्या आणि आसरा आपल्या काकडीच्या आळ्यात मांडल्या.

"काकू, हे काऊन?" हिंमतरावांनी विचारले.

"भाऊ, देवीनं पाण्यापर्यंत जावं, तूच म्हनला होता. नदी वाहून राह्यली ना? मंग पाणी इथंच हाय."

नदी वाहत नाही म्हणावे, तर कामाचा दाखला बुडे. शिवाय चैत्रात आसरांचे पाय कोरडे राहिले तर देवी कोपते आणि लेकराबाळांच्या अंगावर पुरळ उठते, हे आसरखेडात कोणाला सांगावे लागत नाही. संध्याकाळपर्यंत पहिली घागर आली. मग घराघरातून रोज येऊ लागली. ज्या गावाने सांडव्यासाठी मातीची एक पाटी उचलली नव्हती, ते विहिरीवर रांग लावून वाळूत पाणी ओतू लागले. हिंमतरावांची घागर तांब्याची होती. उरल्यासुरल्या वेलांनी माना वर केल्या.

साहेब आले तेव्हा आळ्यातून ओघळलेले पाणी वाळूवरून हातभर वाहत होते. त्यांनी वाकून बोट भिजवले, वाहते म्हणाले, आणि एकाच जागी तलावाची पातळी व नदीचा प्रवाह दोन्ही दाखवल्याबद्दल नारायणरावांची पाठ थोपटली. जाताना त्यांनी दोन काकड्या खाल्ल्या.

यंदा पुन्हा सांडव्याची गोष्ट निघाली आहे. सत्यभामाबाईंचे म्हणणे आहे की देवी आता थकली आहे, तिला पाळीवर बसू द्या आणि भिंत बांधा. आम्ही सर्व जण त्यांच्याशी पूर्ण सहमत आहोत. सबब, मायबाप खात्यास नम्र विनंती की, हिंमतरावांचा हरभरा, कडूबाचा गहू, आम्हा सर्वांची पेरणी आणि प्रस्तुत वाचकांची आपापल्या गावच्या गाळात असेल ती जमीन, पिकासह आणि बांधासह, कोणाचेही मन न दुखवता सरकारी खर्चाने तीन फूट वर उचलून धरावी, म्हणजे खालून पाणी वाढवण्यास आमची काहीएक हरकत राहणार नाही.