ऊन दाखवलेली ओवी

कोणतीही वस्तू टिकवायची असेल, तर आधी ती तिच्या मालकाच्या हातून काढून घ्यावी लागते. देवळातल्या मूर्ती, राजेरजवाड्यांच्या तलवारी, जंगलातले वाघ, सगळे याच मार्गानं टिकलेले आहेत. ओवी मात्र पेडगावच्या बायांच्या गळ्यात पिढ्यान्‌पिढ्या उघडीच पडून होती. (गळा हे साठवणुकीचं अधिकृत ठिकाण नव्हे.) ही ढिलाई जिल्हा लोकगीत जतन समितीच्या ध्यानात आली ती मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्या थंडीत. समितीचे सचिव दिनकरराव जीप घेऊन पेडगावात उतरले ते थेट धुरपदाबाईच्या ओसरीवर.

समितीनं आधी रीतसर पाहणी केली होती. ओव्या येणाऱ्या बायांपैकी बहुतांश म्हाताऱ्या आढळल्या, आणि उरलेल्या म्हाताऱ्या होण्याच्या मार्गावर होत्या. हा वेग पाहता तातडीची उपाययोजना आवश्यक होती. म्हणून पुण्याहून एक यंत्र आणि ते चालवणारे एक साहेब मागवण्यात आले. यंत्रात एक चकती घालायची, बाईनं गायचं, आणि लेसर नावाच्या उजेडानं ते गाणं चकतीवर लिहून घ्यायचं. चकती वरून सोन्यासारखी, खालून मोरपिसासारखी. साहेब म्हणाले, शंभर वर्षं टिकेल.

धुरपदाबाईनं चकती पदरानं धरून उजेडात फिरवली.

"गोंदल्यावानीच की हे," ती म्हणाली. "सुईच्या जागी उजेड."

"अगदी बरोबर, आजी," साहेब म्हणाले. आत नेमकं काय असतं हे त्यांनी सांगितलं नाही. ती तांत्रिक बाब होती.

गोंदण माणसासंगं सरणावर जातं, तोवर हलत नाही. धुरपदाबाईचा जीव भांड्यात पडला. कारण तिच्यापाशी एक अडलेली ओवी होती. थोरली लेक कस्तुराबाई सोनपेठला नांदायला गेली, त्या दिवशी गाडी नजरेआड झाल्यावर धुरपदाबाई जात्यावर बसली आणि ओवी आपसूक आली:

सोनपेठाच्या वाटेला गाडी बाभळीशी थांबली
लेकी मागं नको बघू, संगं माझी गं सावली.

साऱ्या गावानं ती ऐकली. आईनं आपल्यावर ओवी बांधलीय, एवढं कस्तुराबाईच्या कानावर आलं होतं, पण ओवी नव्हती आली. लेक समोर बसली की धुरपदाबाईचा गळा असा दाटायचा की शब्द आतल्या आत राहायचा. त्यात कस्तुराबाई नवऱ्यासंगं दरसाल ऊसतोडीला जायची; यायची ती उन्हाळ्यात, तेही दोन दिसांपुरती.

"माझ्या तोंडानं तिच्याम्होरं निगत न्हाई, साहेब," धुरपदाबाई दिनकररावांना म्हणाली. "तुमच्या यंत्राच्या तोंडानं तरी निगू द्या."

दिनकररावांनी हे वाक्य 'जनतेचा उत्स्फूर्त प्रतिसाद' या सदराखाली टिपून घेतलं.

ओव्या जमा झाल्या. (जात्याची घरघर फार येते म्हणून जात्याखाली वाकळ घालावी लागली.) त्यानंतर समितीनं पेडगावच्या महिलावर्गास सूचना दिली, की जमा केलेली ओवी पुन्हा म्हणू नये, मूळ आणि नक्कल यांत तफावत पडण्याचा संभव आहे.

"आनि मी इसरले तर?" धुरपदाबाईनं विचारलं.

"आजी, तुम्ही निर्धास्त विसरावं म्हणूनच तर हा सगळा खटाटोप."

बाया निर्धास्त झाल्या. गावात गिरणीचा पट्टा फिरायला लागलाच होता. जातं रिकामं दिसलं तसं समितीनं तेही प्रदर्शनासाठी परभणीला नेलं.

जाता जाता दिनकररावांनी एक रास्त शंका काढली. वस्तू शंभर वर्षं टिकेल हे ठीक; पण ती टिकवायची कशी? पुण्याच्या साहेबांची गाडी निघून गेलेली. मग त्यांनी जाणकारांचा सल्ला घ्यायचं ठरवलं, आणि साठवणुकीतलं जाणकार माणूस समोरच उभं होतं.

"तुमच्याकडं सालभराचं धान्य कसं टिकतं, आजी?"

"उनं दावून. चैत-वैशाखात चांगली कडक उनं दावायची, लिंबाचा पाला घालायचा. न्हाईतर दाण्यात सोंडे किडे होतेत."

"बाजरी काय, तूर काय, वाकळा काय," शेजारची दगडाबाई मधी बोलली, "उनाबिगर काय बी टिकत न्हाई, साहेब. मानूस सोडून."

समितीनं एकमतानं ठराव केला, की शेतीप्रधान जिल्ह्यातील संस्थेनं शेतीप्रधान उपाय योजणं उचित. त्यानुसार वैशाख लागताच कार्यालयाच्या गच्चीवर धोतर अंथरण्यात आलं. त्यावर लिंबाचा पाला, पाल्यावर चकती. दुपारी ती कुरडईसारखी उलटवली जाई. कावळे हाकायला एका शिपायाची नेमणूक झाली, कारण चकतीत आपलंच तोंड बघून कावळे भांडत होते. असा चोख बंदोबस्त आजवर धान्याच्या सरकारी गोदामालाही मिळालेला नाही. परभणीचं ऊनही कर्तव्यात कसूर करणारं नव्हे. मिरगापर्यंत चकतीला एकही सोंडा लागला नाही.

परभणीच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला पाहुणे आले, पुण्याचे साहेब आले. सोनपेठच्या एस्टीनं कस्तुराबाई आली आणि पहिल्या रांगेत आईच्या शेजारी, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. साहेबांनी चकती यंत्रात घातली. यंत्र फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. पाहुण्यांनी 'वा' म्हणून घेतलं. पण आवाज काही येईना.

साहेबांनी चकती काढून पाहिली. खालचं मोरपीस गेलं होतं, ताकावरच्या निवळीसारखं काहीतरी उरलं होतं.

"ही उन्हात होती का?"

"सबंध उन्हाळा," दिनकरराव अभिमानानं म्हणाले.

तेव्हा साहेबांना ती तांत्रिक बाब सांगणं भाग पडलं. चकतीच्या पोटात सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो. लेसर त्या रंगाला बारीक बारीक चटके देतो. कुठं चटका, कुठं कोरं, अशा ओळीनं आवाज लिहिला जातो. ऊन लागलं की रंगच उडतो.

"रंग व्हता?" धुरपदाबाई उभी राहिली. "आदी सांगायचं न्हाई का, बाबा! रंगीत लुगडं म्या जल्मात उनात टाकलं न्हाई. सावलीत वाळविते, ते बी उलटं करून!"

हा मुद्दा विषयपत्रिकेवर नसल्यानं त्यावर चर्चा झाली नाही. दिनकररावांनी पाहुण्यांना समजावलं, की ओव्या गेलेल्या नाहीत, फक्त त्यांचा रंग गेला आहे. मग ते खाली वाकून हलकेच म्हणाले, "आजी, तुम्हीच म्हणा आता."

"जातं द्या मग."

जातं त्याच दालनात होतं, 'हात लावू नये' या पाटीखाली. पाटी सरकारी होती.

कस्तुराबाई उठली. टेबलावरचा हार तिनं बाजूला सारला, आईचा हात धरून टेबलावर ठेवला, त्यावर आपला ठेवला, आणि दोघी लाकडावर गोल गोल हात फिरवायला लागल्या. जरा वेळानं धुरपदाबाईचा गळा सुटला. लेकीसमोर, पहिल्यांदाच.

"सोनपेठाच्या वाटेला गाडी बाभळीशी थांबली…"

हात फिरत राहिले. एक फेरा, आणखी एक. धुरपदाबाईचे ओठ हलले आणि थांबले.

"म्होरं काय गं, कस्तुरे?"

"मला कशी येईल, माय? मी तर गाडीत व्हते."

पेडगावच्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. सगळ्यांनी ती ऐकली होती, आणि सगळ्यांनी ती जमा केली होती. दिनकररावांनी अहवालात लिहिलं, की ओवीचा पन्नास टक्के भाग सुस्थितीत असून उर्वरित भागाकरिता नवीन चकती मागवण्यात येत आहे. ती सावलीत ठेवली जाईल.

दुसरी ओळ दालनात कुणालाच आली नाही. कस्तुराबाई अजून टेबलापाशी उभी आहे. परतीची एस्टी सुटायला थोडा अवकाश आहे. वाचक महोदय, ती ओळ आपण मघाशीच वाचलीत. (छापील आहे म्हटल्यावर आपणही ती ध्यानात ठेवली नसणार; समितीला आपला अभिमान वाटतो.) सांगा तिला.

पान मात्र मागं उलटू नका.