बसलेला घसा

बिछान्याशेजारच्या स्टुलावर फोन थरथरला, सरकत सरकत स्टीलच्या वाटीला भिडला आणि दुपारच्या सामसूम घरात खर्रर्र झालं. लेक आत्ता कुठे झोपली होती. एक हात तिच्या पाठीवर तसाच ठेवून आईने दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला.

"अहो, आपल्या कविसंमेलनासाठी तुमची 'पहारेदार' निवडली गेलीय!" वाचनालयाच्या ग्रंथपालबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज असा, की फोन नसता तरी ऐकू आला असता. "उद्या संध्याकाळी या. स्वतः उभं राहून वाचायची. घरच्यांनाही आणा, खुर्च्या पुष्कळ आहेत!"

घरच्यांना? 'पहारेदार' म्हणजे सासूबाई. लेकीला थोपटता थोपटता जुळवलेली कविता. कोण निवडतंय, म्हणून बिनधास्त पाठवून दिलेली. सासूबाई ती ऐकणार, रुसून मोठ्या दिरांकडे निघून जाणार. मग ही कामावर गेल्यावर लेकीला सांभाळणार कोण? नोकरी सोडायची?

"माझा ना..." लेक उठेल म्हणून ती कुजबुजली, आणि त्या कुजबुजीतूनच थाप आपोआप सुचली. "माझा घसा बसलाय."

"अरेरे! मग घरातलं कुणी वाचलं तरी चालेल हं!"

फोन ठेवून तिने मान वर केली, तर दारात सासूबाई.

"घसा कधी बसला गं? मघाशी तर भाजीवाल्याला गल्लीच्या टोकापासून हाक मारलीस."

तिने गळ्याकडे बोट दाखवून केविलवाणा चेहरा केला. पुढच्याच क्षणी हातात गरम मिठाच्या पाण्याचा पेला आला. ती निमूटपणे गुळण्या करू लागली. सासूबाई शेजारीच उभ्या. पहाऱ्यावर.

"कविता काय लिहिलीयस?" त्यांनी विचारलं. "दे मला. पस्तीस वर्षं वर्गात हजेरी घेतलीय मी. माईक लागायचा नाही."

तिला ठसकाच लागला. ओरडावं तर घसा बसलेला! तिने खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. कविता त्याने वाचलेली होती, त्यामुळे तो आधीच वर्तमानपत्राआड गेला होता.

"आई, जाऊ दे ना," वर्तमानपत्र म्हणालं. "तुझे गुडघे दुखतात."

"गुडघ्यांनी नाही वाचायची. आण गं ती कविता."

ती जागची हलेना. तेवढ्यात गादीवरून लेक डोळे चोळत उठली. "आजी, मला येते ती. आई रोज म्हणते." आणि आई झेप घेऊन तिचं तोंड दाबणार, तोच तिने सूर धरला :

"पुसला ओटा, पुसली खिडकी, पुसून झालं दार,
तरी फडकं घेऊन येतो माझा पहारेदार.
दूध ठेवते मी गॅसवर, डोळा ठेवतो तो;
चुकेन कधी, याच आशेवर जागा राहतो तो."

वर्तमानपत्र थरथरत होतं. सासूबाईंच्या हातात ओट्यावरचं फडकं होतं. त्या एकटक सुनेकडे बघत राहिल्या. सुनेने डोळे मिटून घेतले.

"तुला गं कसं कळलं?" सासूबाई एक पाऊल पुढे आल्या.

"अं?"

"माझ्या सासूबाई! हुबेहूब! जन्मभर दूध उतू जायची वाट बघत माझ्या पाठीशी उभ्या. मी कधी कुणाजवळ बोलले नाही." त्यांनी फडक्यानेच डोळे पुसले. "उद्या मीच वाचणार. खणखणीत वाचणार!" आणि जाता जाता, मघाशीच पुसलेला ओटा त्यांनी पुन्हा एकदा पुसला.

आईने सुटकेचा श्वास सोडला, लेकीला मांडीवर घेतलं आणि सवयीने तिच्या झग्याची नीट लावलेली गुंडी काढून पुन्हा लावली. लेक त्या बोटांकडे बघत राहिली.

"आई," तिने विचारलं, "मग आता तू कुणाची पहारेदार होणार?"

आईने तोंड उघडलं. या वेळी घसा खरंच बसला होता.